डी ड्राइव्हमध्ये ठेवलंय, म्हणजे बॅकअप झाला का?

नवा कॉम्प्युटर घरी आला की दुकानदार, आणि पुढे कधी तरी तो ‘फॉरमॅट मारायला’ आलेला मुलगा, एक सल्ला हमखास देऊन जातो: ‘सीमध्ये काही ठेवू नका, सगळं डीमध्ये टाका.’ सल्ला आपल्या जागी बरोबर आहे. विंडोज बिघडली तर सी पुसून ती नव्यानं घालता येते आणि डीला हात लागत नाही. पण त्यातून घरोघरी एक समजूत पक्की झाली आहे. लग्नाचे फोटो, मुलांच्या मार्कशीट, सातबारा आणि खरेदीखताचे स्कॅन, सगळं डीमध्ये. एखादा जास्तच काळजीवाहू असेल तर त्याची आणखी एक कॉपी ईमध्ये. आणि मग निर्धास्त.

सी, डी, ई ही बहुतेक घरांत वेगवेगळी कपाटं नसतात, एकाच लाकडी कपाटाला पाडलेले कप्पे असतात. कपाटाला वाळवी लागली तर ती वरच्या कप्प्यातलं खाऊन खालच्या कप्प्यातलं सोडून देत नाही. डिस्कची मोटर किंवा तिच्यावरचं सर्किट गेलं की तिन्ही अक्षरं एकदमच गायब होतात. आणि लॅपटॉप चोरीला गेला तर चोर डी ड्राइव्ह मागे ठेवून जात नाही.

बॅकअप म्हणजे दुसरी कॉपी, ही व्याख्या म्हणूनच अपुरी पडते. कुणाच्या घरी कॉम्प्युटर बघायला बसलो की प्रती किती आहेत हे मी आधी विचारत नाही. दोन्ही प्रती एकाच दिवशी, एकाच कारणानं जाऊ शकतात का, ते बघतो. ज्या दोन प्रतींचं मरण एक, त्या मोजायला दोन असल्या तरी वेळेला एकच. त्यामुळे आधी फाइली मरतात कशा, ते नीट पाहू.

डिस्क जाते तेव्हा

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरत असतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. चकतीवरचं चुंबकीय लिखाण वाचणारं हेड तिच्यापासून इतक्या कमी अंतरावर तरंगतं की आपला केस त्या फटीच्या हजारपटीहून जाड ठरावा. चालू डिस्कला धक्का बसून हेड चकतीला टेकलं की ओरखडा उठतो. अशी डिस्क बरेचदा आधी कुरकुरते. एखादं फोल्डर उघडायला मिनिटभर लागतं, आतून टकटक ऐकू येते. टकट‌क ऐकू आली की कॉम्प्युटर बंद करायचा. ‘जाण्याआधी सगळं कॉपी करून घेऊ’ म्हणून रात्रभर चालू ठेवलेली डिस्क सकाळी पुरती गेलेली मी पाहिली आहे.

आताच्या लॅपटॉपांत बहुधा एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून धक्क्याचं भय कमी. पण ती जाते तेव्हा अनेकदा न सांगता जाते. काल चालू होती, आज कॉम्प्युटरला दिसतच नाही. आणि तिच्यामुळे आपला एक जुना आधारही गेला. हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली की खरं तर तिचं फक्त अनुक्रमणिकेतलं नाव खोडलं जातं, मजकूर जागेवरच असतो. त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून पुष्कळ काही परत मिळायचं. एसएसडीला मात्र विंडोज किंवा मॅक लगेच कळवून टाकतं, की हे तुकडे आता नको आहेत. मग डिस्क सवडीनं ते खरोखरच साफ करते. ‘माझा एक मित्र आहे, तो काढून देतो’ हे वाक्य एसएसडीच्या बाबतीत फारसं चालत नाही.

डिस्क किती वेळा जातात? बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी लाखांच्या घरात डिस्क चालवते आणि त्यातल्या किती गेल्या याचे आकडे २०१३ पासून जाहीर करत आली आहे. अलीकडच्या वर्षांत ते प्रमाण वर्षाला साधारण शंभरात एक-दोन असं आहे. आकडा लहान वाटतो, पण त्या डिस्क थंड खोलीत, एका जागी, सलग वीज मिळत असलेल्या आहेत. आपला लॅपटॉप एसटीच्या रॅकवरून प्रवास करतो, आणि वीज तर सारखी जाते-येते.

आपल्याच हातानं

माझ्या पाहण्यात मात्र डिस्कनं मारलेल्या फाइलींपेक्षा माणसानं स्वतः मारलेल्या फाइली जास्त आहेत. त्यात मीही आलो.

मागे एका मंडळाच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. लेख एकेक करून तपासत होतो. एका रात्री पेंगत असताना नव्या लेखाचा मजकूर जुन्याच लेखाच्या फाइलवर चिकटवला आणि सेव्ह करून झोपलो. माझा बॅकअप शिस्तीत चालू होता. रोज रात्री एक छोटी स्क्रिप्ट मूळ फोल्डर आणि बाहेरची डिस्क जुळवून घ्यायची. इथे जे बदललं ते तिथे बदलायचं, इथून जे पुसलं ते तिथूनही पुसायचं. चार दिवसांनी तो जुना लेख हवा झाला तेव्हा बाहेरच्या डिस्ककडे धावलो. तिथे तीच चूक, अक्षरन् अक्षर जशीच्या तशी, मोठ्या इमानानं जपून ठेवलेली. लेखकाकडे हस्तलिखित पुन्हा मागावं लागलं, आणि ते मागताना काय वाटतं ते सांगायला नको.

मी केला होता तो बॅकअप नव्हता, आरसा होता. कपाळावरचं कुंकू पुसलं की आरशातलंही पुसलं जातं. डिस्क गेली असती तर या आरशानं मला वाचवलं असतं. माझ्या हातापासून तो वाचवू शकत नव्हता.

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांबद्दल सर्वांत मोठा घोळ इथेच होतो. त्यांचं कॉम्प्युटरवर बसणारं ॲप मुळात आरसाच आहे. तुमच्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर आणि कंपनीच्या सर्व्हरवरचं फोल्डर सतत सारखं ठेवणं, हे त्याचं काम. मुलानं खेळता खेळता ते फोल्डर डिलीट केलं, तर ॲप ते डिलीट तत्परतेनं वरही पोचवतं आणि तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही. सुदैवानं या सेवांनी आरशामागे थोडी स्मरणशक्ती ठेवली आहे. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते; वैयक्तिक वनड्राइव्हवरही ३० दिवसच. बदललेल्या फाइलीच्या आधीच्या आवृत्त्याही मिळतात: वैयक्तिक वनड्राइव्हवर शेवटच्या २५, आणि गूगल ड्राइव्हवर वर्ड-पीडीएफसारख्या साध्या फाइलींच्या ३० दिवसांपर्यंतच्या. चूक महिन्याभरात लक्षात आली तर निभावतं. पण आपण लग्नाचा अल्बम दर महिन्याला कुठे उघडून बघतो?

वनड्राइव्हचा आणखी एक चकवा आहे. नव्या विंडोजमध्ये कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू करताना आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जातो, आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं वनड्राइव्हच्या पोटात जाऊन बसतात. फुकटची जागा ५ जीबी. ती भरली की नव्या फाइली वर जाणं थांबतं. कोपऱ्यात एक सूचना येते, आणि ती आपण महिनोन्‌महिने फुलीवर क्लिक करून घालवतो. शिवाय ज्या फाइलीपुढे ढगाचं चित्र दिसतं, ती फाइल तुमच्या डिस्कवर नसतेच. नाव इथे, माल तिकडे. इंटरनेट नसेल तर ती उघडणार नाही, आणि बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेणारी काही साधनं अशा फाइली सरळ वगळतात. त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘कायम या डिव्हाइसवर ठेवा’ अशा अर्थाचा पर्याय निवडला, की माल घरी येतो.

घरात नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारं दोन डिस्कचं छोटं यंत्र घेऊन ‘रेड लावलंय (दोन्ही डिस्कवर एकच माल एकदम लिहिण्याची सोय), मला काळजी नाही’ म्हणणारे हौशी लोकही भेटतात. एक डिस्क गेली तरी काम थांबू नये, हा रेडचा उपयोग. चुकून पुसलेलं फोल्डर दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसलं जातं. तोही आरसाच, फक्त महाग.

मागे जाता आलं पाहिजे

खऱ्या बॅकअपला कालची फाइल, परवाची फाइल, गेल्या महिन्यातली फाइल अशी वेगवेगळी आठवते. रोज सगळ्याची नवी कॉपी केली तर डिस्क आठवड्यात भरेल, म्हणून बॅकअपचं सॉफ्टवेअर हुशारी करतं. पहिल्या दिवशी सगळं उचलतं. दुसऱ्या दिवसापासून फक्त जे बदललं तेवढंच. आपल्या दोन लाख फाइलींपैकी एका दिवसात बदलतात किती? वीस, तीस. त्यामुळे वर्षभराचा इतिहास मूळ फाइलींच्या दीडपट-दुप्पट जागेत सहज मावतो. बाहेरची डिस्क घेताना आपल्याकडच्या मालाच्या दुप्पट तरी घ्यावी, असं म्हणतात ते यासाठी. (१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते. दुकानदारानं फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. पण ऑनलाइन कुणी काहीशे रुपयांत १६ टीबीचा पेन ड्राइव्ह विकत असेल, तर तो मात्र फसवतोच आहे. असले ड्राइव्ह आकडा मोठा दाखवतात आणि खरी जागा संपली की जुन्यावरच नवं लिहीत सुटतात.)

मॅकवर हे काम टाइम मशीन करतं. २००७ पासून ते मॅकमध्येच आहे. डिस्क जोडली की ते विचारतं, हो म्हटलं की लागलं कामाला. गेल्या २४ तासांच्या दर तासाच्या प्रती, गेल्या महिन्याच्या दर दिवसाच्या, त्याआधीच्या दर आठवड्याच्या; जागा संपली की सर्वांत जुनी काढून टाकतं. एकच खबरदारी घ्यायची. पहिल्यांदा जोडताना ते डिस्क पुसून स्वतःच्या पद्धतीनं तयार करतं, म्हणून तिच्यावर आधीचं काही ठेवलेलं नको.

विंडोजमध्ये याच्या जवळचं साधन म्हणजे फाइल हिस्टरी. विंडोज ८ पासून ते आहे. विंडोज ११ मध्ये ते जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये दडवलंय, का ते मायक्रोसॉफ्टलाच ठाऊक. बाहेरची डिस्क जोडा, फाइल हिस्टरी चालू करा, की दर तासाला ते बदललेल्या फाइलींच्या प्रती घेत राहतं. डिस्क जोडलेली नसेल तर तात्पुरतं आपल्याकडे साठवतं आणि जोडल्यावर तिकडे टाकतं. हवी ती फाइल निवडून मागच्या तारखांना चाळत जाता येतं. लिनक्सवाल्यांना मी काय सांगणार, त्यांच्याकडे आरसिंकपासून बोर्ग आणि रेस्टिकपर्यंत अशा साधनांची रांग आहे. रेस्टिक विंडोजवरही चालतं, पण काळ्या खिडकीत कमांड लिहायची तयारी हवी.

काय काय उचलायचं, यात लोक एक तर फार घेतात किंवा फार सोडतात. विंडोज आणि प्रोग्राम पुन्हा मिळतात, ते घेतलेच पाहिजेत असं नाही. पुन्हा न मिळणारं तेवढं आधी. फोटो, लिखाण, कागदपत्रं हे सगळ्यांना आठवतं. विसरतं ते वेगळंच असतं. टॅलीचा हिशोब डॉक्युमेंट्समध्ये नसतो, टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांची नावं असलेल्या फोल्डरांत असतो, आणि टॅली उघडी असताना त्याची कॉपी घेतली तर अर्धवट येऊ शकते. टॅलीतूनच बॅकअप घ्यावा आणि ती फाइल बाहेरच्या डिस्कवर न्यावी. आउटलुक वापरणाऱ्यांची जुनी मेल पीएसटी फाइलीत असते. तीही आउटलुक बंद करूनच घ्यायची.

मराठी डीटीपी केलेल्यांचं दुखणं आणखी खास आहे. युनिकोडच्या आधीच्या काळात श्रीलिपीसारख्या फॉन्टांत केलेली पेजमेकर आणि कोरलड्रॉची हजारो पानं अजून लोकांच्या डिस्कवर पडून आहेत. त्या फाइलीत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसतो. तिथे भलत्याच कुठल्या तरी चिन्हाचा क्रमांक असतो आणि फॉन्ट त्या चिन्हाच्या जागी ‘क’ काढून दाखवतो. फाइल सुखरूप, तीन ठिकाणी प्रती, आणि फॉन्ट हरवला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा उकिरडा. अशा कामाचा बॅकअप म्हणजे फाइल, तिचा फॉन्ट आणि तेव्हाच काढून ठेवलेली पीडीएफ, तिन्ही एकत्र. सवड असेल तर मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणून साध्या टेक्स्ट फाइलीतही ठेवावा. वीस वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकाची पानं परत उघडायची वेळ आलेला माणूस याचं मोल सांगेल.

जोडलेलं सगळं एकदम जातं

आता डिस्क आहे, आवृत्त्या आहेत, पण ती डिस्क चोवीस तास कॉम्प्युटरला खोचलेली आहे. इथे आणखी दोन मरणं वाट बघत असतात. पहिलं म्हणजे वीज. व्होल्टेजचा झटका कॉम्प्युटरबरोबर त्याला जोडलेल्या डिस्कलाही लागू शकतो. दुसरं रॅन्समवेअर. तुमच्या फाइली कुलूपबंद करून किल्लीसाठी पैसे मागणारा हा प्रोग्राम. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय जगभर पसरला तेव्हा तो बातम्यांत आला, पण घरच्या कॉम्प्युटरांत असला माल येण्याची नेहमीची वाट साधी आहे: फुकट मिळालेलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर. ‘अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करा, मग इन्स्टॉल करा’ अशी सूचना वाचूनही आपण ती पाळतो. रॅन्समवेअर तुम्ही ज्या ज्या ड्राइव्हवर लिहू शकता, त्या प्रत्येकावर लिहितो. खोचलेली बाहेरची डिस्क त्याला सी किंवा डी ड्राइव्हसारखीच दिसते. आरशाच्या वाटेनं कुलूपबंद फाइली गूगल ड्राइव्हवरही चढतात.

उपाय कंटाळवाणा आहे: बॅकअप झाला की डिस्क ‘इजेक्ट’ करून काढायची आणि कपाटात ठेवायची. केबल काढलेल्या डिस्कला पृथ्वीवरचा कुठलाही हॅकर हात लावू शकत नाही. रोज जमत नसेल तर रविवारी सकाळी. आठवड्याचं काम जाईल, पण आठवड्याचंच जाईल. ज्याचं रोजचं लिखाण मोलाचं आहे त्यानं मधल्या दिवसांसाठी ते चालू फोल्डर गूगल ड्राइव्हवर ठेवावं. आरसा का असेना, या कामाला तो चांगला आहे. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डबा केला तर पावसाळ्यातल्या दमटपणाचाही प्रश्न मिटतो. कोकणात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नकोच.

घरच गेलं तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. या पुरांत ज्यांच्या तळमजल्यावर पाणी शिरलं, त्यांचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क एकाच चिखलात सापडली. दोन प्रती, एक छप्पर.

मोठमोठ्यांचंही असंच होतं. दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ ला लिथियम बॅटऱ्यांमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली जिथे असायच्या ते जी-ड्राइव्ह नावाचं साठवण जळालं. ८५८ टीबी माल, आणि बाहेर त्याची प्रत नव्हती. कारण दिलं गेलं ते असं, की साठा इतका मोठा होता की त्याचा वेगळा बॅकअप ठेवणं जमत नव्हतं. आपल्या घरातही हेच कारण ऐकू येतं, फक्त टीबीच्या जागी जीबी असतात.

म्हणून एक प्रत दुसऱ्या छपराखाली. इंटरनेटवरून ठेवायची तर आधी गणित करा. २० एमबीपीएसचा अपलोड म्हणजे सेकंदाला अडीच एमबी. २०० जीबी चढायला सलग बावीस तास. पहिल्यांदाच एवढा वेळ लागतो, नंतर बदललेलंच जातं. जागेचं दरमहा भाडं मात्र चालू राहतं. ते नको असेल तर जुनी घरगुती पद्धत उत्तम आहे. दोन सारख्या डिस्क घ्या. एक आपल्याकडे, एक बहिणीकडे, गावी किंवा ऑफिसच्या खणात. गणपतीला गावी जाताना ताजी घेऊन जायची, तिथली परत आणायची. दिवाळीला पुन्हा अदलाबदल. मधल्या काही महिन्यांचं नवं काम त्या प्रतीत नसेल, पण मागची वीस वर्षं असतील. दुकानदारांना ३१ मार्च सोयीचा आहे: त्या दिवशी वर्षाचा हिशोब बंद होतोच, आणि जगात तो ‘वर्ल्ड बॅकअप डे’ म्हणूनही पाळतात, २०११ पासून.

दुसऱ्याच्या घरी ठेवायच्या डिस्कला कुलूप हवं, कारण तिच्यात आधार, पॅन आणि बँकेची पासबुकं असतात. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, होम असेल तर फुकटचं व्हेराक्रिप्ट आहे. पासवर्ड कागदावर लिहून डिस्कपासून वेगळ्या ठिकाणी, आणि घरातल्या निदान आणखी एका माणसाला माहीत असलेला. वडील गेल्यावर त्यांच्या डिस्कपुढे हताश बसलेली मुलं मी पाहिली आहेत. सगळं जपलेलं होतं, किल्ली मात्र त्यांच्याबरोबर गेली.

किल्लीवरून आठवलं. हल्लीच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपांची डिस्क आपल्याला न कळत आधीच कुलूपबंद केलेली असते. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की लॅपटॉप अचानक ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, आणि त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तुम्ही तीन वर्षांपूर्वी बंद केलेला असतो. आजच खात्यात जाऊन ते ४८ आकडे उतरवून ठेवा. गूगलचं खातंही दोन वर्षं वापरलंच नाही तर त्यातल्या मालासकट काढून टाकायचं धोरण कंपनीनं २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. आईच्या नावानं उघडून तिचे फोटो टाकून ठेवलेलं खातं असेल, तर अधूनमधून त्यात डोकावत जा.

एवढं सगळं तीन आकड्यांत बसवणारा एक नियम आहे, ‘३-२-१’. तो पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारामुळे रूढ झाला. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मूळ कॉम्प्युटरवरची फाइल ही तीनातली पहिली. खूप जण तिला सोडून तीन मोजतात आणि घाबरून जातात. घरगुती भाषेत: लॅपटॉप, कपाटातली डिस्क आणि बहिणीकडची डिस्क. पेन ड्राइव्ह यात धरू नका. तो फाइल झेरॉक्सच्या दुकानात न्यायला ठीक आहे.

परत काढून बघा

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवर कमांड चालवली आणि चालू डेटाबेस पुसला. कंपनीकडे बॅकअपच्या एकाहून जास्त पद्धती होत्या. बघायला गेले तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस फसत होता, आणि फसल्याचं कळवणाऱ्या मेल पोचतच नव्हत्या. शेवटी कामाला आली ती सहा तासांपूर्वी एका इंजिनिअरनं वेगळ्याच कामासाठी घेतलेली प्रत. मधल्या सहा तासांचा माल गेला. कंपनीनं हे सगळं लपवून न ठेवता जाहीरपणे मांडलं, म्हणून आपल्याला शिकता आलं.

त्यामुळे तीन-चार महिन्यांनी एकदा परीक्षा घ्यायची. डिस्क शक्यतो दुसऱ्याच कॉम्प्युटरला जोडायची. एक जुना फोटो, एक गेल्या आठवड्यातली फाइल आणि एक मोठा व्हिडिओ परत काढायचा आणि उघडून बघायचा. नुसतं नाव दिसणं पुरत नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

दोन वर्षांपूर्वी मावशीच्या कॉम्प्युटरवर मीच फाइल हिस्टरी चालू करून दिली होती. डिस्क रविवारी जोडायची, संध्याकाळी काढायची, मावशीनं एकही रविवार चुकवला नव्हता. गेल्या दिवाळीला तिच्याकडे गेलो तेव्हा ही परीक्षा घेतली. बँकेची पत्रं निघाली, तिच्या पाककृतींची फाइल निघाली, तिच्या तर मागच्या अकरा आवृत्त्या निघाल्या. फोटो मात्र एकही नाही. फाइल हिस्टरी आपणहून फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरावीक फोल्डरं उचलते. बाकीचं फोल्डर ‘लायब्ररी’ या विंडोजच्या फोल्डरांच्या यादीत जोडल्याशिवाय ती त्याकडे बघत नाही, आणि ते मी बघितलंच नव्हतं. मावशीनं पस्तीस वर्षांचे फोटो, स्कॅन केलेले धरून, दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे डीमध्ये ठेवले होते.

ते फोल्डर लायब्ररीत जोडलं आणि डिस्क लावली. पहिली प्रत व्हायला पाऊण तास लागला, तेवढ्यात आमचा चहा-फराळ झाला.